अकरा खाडे

"सर, तुमी मास्तर हायसा. तुमीच सांगा. ही पोरगी त्या धा-अकरा दिवसांत कालेजला हुती का न्हवती?"

फौजेतले हवालदार लालासाहेब फडतरे यांनी हातातला फोन नाथाजी घार्गे यांच्यापुढे धरला. अंगणात घोंगड्यावर भावकीतली चार-पाच माणसं बसली होती. लालासाहेबांची आई बनुबाई शनिवारी पहाटे गेली होती. लालासाहेब रविवारी दुपारी जम्मूहून घरी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. आज मंगळवार. नाथाजी निंबगावच्या आयटीआयमधून एसटीनं भेटायला आले होते. लालासाहेबांची मुलगी प्रियदर्शनी त्यांच्याकडे फिटर ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला होती.

नाथाजींनी फोन हातात घेतला. त्यावर आयटीआयच्या हजेरीचं नोव्हेंबरचं पान उघडलेलं होतं. सोमवार दहा तारखेपासून शुक्रवार एकवीसपर्यंत, मधला रविवार सोडून, रोज हिरवी खूण. हजर, हजर, हजर. त्या खुणा नाथाजींनीच लावल्या होत्या.

"न्हवती," ते म्हणाले. "ती घरीच हुती. हजेरी म्या लावली."

 लालासाहेब कडवटपणे हसले.

"सर, आवं, तुमी पोरं परत न्यायला कायबी बोलता ही आख्ख्या तालुक्याला ठाव हाय. ह्या हरिबाला ईचारा. त्येचं पोरगं कालेजात पयलं येनार म्हनून सांगून गेलासा. आलं का?"

कोपऱ्यात बसलेला हरिबा खाली मान घालून म्हणाला, "तीन इषयांत गेलं."

"पोरीला वाचवाय खोटं बोलताय," लालासाहेब म्हणाले. "मन मोठं हाय तुमचं. पर आमच्यात ल्हिलेलं त्येच खरं. आई परसात पडली, खुब्याचं हाड मोडलं. म्हातारीला एकटीला टाकून ही रोज कालेजला जात हुती. आन आता म्हनती, मी घरातच हुती."

दाराच्या चौकटीपाशी प्रियदर्शनी उभी होती. एकोणीस वर्षांची, उंच, काटक. जे बोलायचं ते ती दोन दिवस बोलून दमली असावी. नाथाजींना तिच्याकडे बघवेना.

असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. नाथाजी खरं बोलले होते आणि समोरच्यानं ते खोटं धरलं होतं. एकतीस वर्षं याच्या बरोबर उलट चाललं होतं.

आयटीआयमध्ये ऑगस्टात वीस पोरं भरती होतात आणि दिवाळीपर्यंत त्यातली चार-पाच गळतात. कुणी सैन्यभरतीच्या अकॅडमीत पळायला जातं, कुणी मामाबरोबर गलाईच्या दुकानात सोनं-चांदी गाळायला कोइमतूरला निघून जातं, पोरगी असेल तर तिला बघायला पाहुणे येऊन जातात. नोंदवहीत एक रेघ ओढली की बाकीच्या मास्तरांचं काम संपायचं. नाथाजींचं तिथून सुरू व्हायचं. मोटारसायकलला किक मारायची आणि त्या पोराच्या वस्तीवर जाऊन बसायचं. चहा घ्यायचा. उसाची, जनावरांची चौकशी करायची आणि मग बेधडक थापा मारायच्या. तुमच्या पोराच्या हातात जादू आहे. सांगलीचे कारखानदार आत्तापासून त्याचं नाव विचारतायत. हा पहिला येणार. शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं म्हणतात. लग्नासाठी चालतं तर शिक्षणासाठी का चालू नये, असा त्यांचा रोकडा हिशोब होता. पोरं चेष्टा करायची, "घार्गे सर निघालं गुरं वळायला." पण वळवून आणलेली तीच पोरं पुढे पोटापाण्याला लागायची.

प्रियदर्शनीबाबत मात्र थाप मारायची वेळच आली नव्हती. तिच्या हाताला खरोखरच नजर होती. दुसऱ्या वर्षाला नर-मादी जोड करायला असतो. लोखंडाच्या एका पट्टीत खाच, दुसरीला त्या खाचेत बसणारा दात, दोन्ही कानशीनं घासून घासून एकमेकांत बसवायचे. जोडल्यावर ते उजेडासमोर धरायचं. मधून उजेड दिसता कामा नये. पोरं याला महिना लावतात आणि तरी चंद्रकोरीएवढी फट ठेवतात. प्रियदर्शनीनं दिवाळीपूर्वी आठ दिवसांत तीन कोपरे बसवले होते. सांगलीचे जिनेश शेटे दरवर्षी आपल्या पंपाच्या कारखान्यासाठी नाथाजींकडून दोन पोरं मागून न्यायचे. यंदा नाथाजींनी पहिलं नाव तिचं दिलं होतं. फक्त जुलैची परीक्षा तेवढी पास व्हायची होती.

पण प्रवेशाच्या दिवशी लालासाहेबांनी टेबलासमोर उभं राहून एक गोष्ट बजावली होती. "पोरगी शिकतीया म्हनून शिकवतोय. पर मी तिकडं बॉर्डरवर. घरात म्हातारी आन ही. ज्या दिशी गैरहजरीचा मेसेज माझ्या फोनवर आला, त्या दिशी शिक्षन बंद. फुडल्या सुट्टीत लगीन."

मेसेजची ही सोय नवीन होती. आता हजेरी मोबाइलवर लावायची. एखाद्याचा खाडा पडला की त्याच संध्याकाळी पालकाच्या फोनवर मेसेज. सलग दहा खाडे पडले की नाव आपोआप पटावरून कमी. प्राचार्यांच्या केबिनबाहेर फळा लावलेला होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'या वर्षीची गळती: शून्य.'

दहा नोव्हेंबरला प्रियदर्शनी आली नाही. नाथाजींनी फोन लावला, तो लागला नाही. कातळवाडी खोलगटात आहे. पाण्याच्या टाकीपाशी गेल्याशिवाय तिथं रेंज नसते. संध्याकाळी हजेरी पाठवताना त्यांचं बोट थबकलं. लाल खूण केली असती तर रात्रीच्या आत लालासाहेबांच्या फोनवर मेसेज गेला असता. एका दिवसासाठी पोरीचं शिक्षण जायला नको. त्यांनी हिरवी खूण केली.

दुसऱ्या दिवशीही केली. असं ते आधी दोन-तीन पोरांसाठी करत आले होते, पण तेव्हा दुसऱ्या दिवशी जाऊन पोराला घेऊन यायचे. या खेपेला गेले नाहीत. गुडघा दुखत होता, साताऱ्याच्या डॉक्टरांनी मोटारसायकल बंद करायला सांगितली होती, एसटी दिवसातून दोनदाच होती. ही सगळी कारणं खरी होती. त्याहून खरं म्हणजे त्यांना जायचा कंटाळा आला होता. मे महिन्यात निवृत्ती. एकतीस वर्षं वस्त्या तुडवल्यावर बोटानं काम होतंय म्हटल्यावर पाय कशाला उचलायचे? सोमवारी येईल. नाही आली तर बघू. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तर तिच्या नावापुढे बोट न थांबता हिरव्यावर पडायला लागलं. शेवटी शनिवारी दुपारी वर्गातल्याच एका पोरानं सांगितलं, "सर, प्रियाची आजी गेली." त्या दिवसापासून तिच्या नावापुढे त्यांनी कुठलीच खूण केली नाही.

नाथाजी अंगणातून उठले. आता बसून उपयोग नव्हता. लालासाहेब त्यांना सोडायला उठले नाहीत. प्रियदर्शनी घागर घेऊन टाकीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत आली. एसटीचा थांबाही तिथंच होता.

"काय झालं गं नक्की?" नाथाजींनी विचारलं.

"सोमवारी सकाळी मी डबा भरीत हुती. आजी परसात पडली. हाडवैद्य सांजंला आला, पट्टा बांधला, म्हनला आठ दिवसांत उठंल. पुन्ना काय आला न्हाई. तिला कूसबी बदलता येत न्हवती. मी सोडून कुठं जानार?"

"वडलांना फोन का केला न्हाईस?"

"आजीनं शपथ घातली. म्हनली, फौजंतल्या मानसाला घरचं वाईट कळवायचं न्हाई. हातात बंदूक असती, ध्यान चळतं. आजोबाबी फौजंत हुतं. त्यांची धाकली लेक गेली त्येबी आजीनं त्यांना सुट्टीत आल्यावरच सांगिटलं हुतं. आमच्यात समद्यांच्यात असंच हाय."

नाथाजींना हे माहीत होतं. तालुक्यात घरटी एक फौजी. सीमेवर पत्रं जायची ती सगळी 'इकडील सर्व क्षेम' अशीच.

प्रियदर्शनी घागर नळाखाली ठेवून उभी राहिली. नळ सोडायचा ती विसरली होती.

"मी म्हनलं, मला न्हाई सांगता येत, पर मेसेज तर जाईल. पयल्याच सांजंला जाईल. पप्पा चिडतील, ओरडाय फोन करतील, का गेली न्हाईस म्हनून ईचारतील. त्यांनी ईचारल्यावर सांगिटलं तर शपथ मोडत न्हाई. मी रोज सांजंला आजीला औषिद देऊन हितं टाकीपाशी येऊन थांबायची, सर. अर्धा अर्धा तास."

नाथाजी थांब्याच्या दगडावर बसले. हा फोन कुणामुळे आला नाही, ते त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती.

"रईवारी पप्पांचा फोन आला. मला वाटलं, आला बाबा एकदाचा. तर त्ये म्हनलं, आठ दिवसांत येकबी मेसेज न्हाई, शाबास. अशीच जा कालेजला. मला फुडं बोलताच येईना." तिनं नळाखालची घागर सरळ केली. "आजीच्या छातीत पानी झालं. डाक्टर म्हनलं, आदी आनायची हुती."

आपण काय केलं ते नाथाजींना त्या दगडावर बसून पुरतं कळलं. त्यांना पोरीसमोर रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. प्रियदर्शनीनं नळ सोडला.

"सर, खाडं लावा."

"काय?"

"जेवढं पडलं हुतं तेवढं समदं लावा. पप्पांनी फोन आख्ख्या भावकीत फिरवलाय. लोकं म्हनत्यात, म्हातारीला हगल्या-मुतल्यात टाकून ही मिरवत हुती. मी तिचं समदं केलं, सर. मी कुठं गेली न्हवती. आमचं घर मळ्यात, बघाय कुनी न्हवतं."

"अगं, अकरा खाडे हुत्यात. धावर नाव कमी हुतंय. परीक्षा जाती, सांगली जाती. पुढल्या ऑगस्टात परत पहिल्यापासून. आन तुझे वडील पुढल्या ऑगस्टात पाठवतील असं वाटतं तुला?"

"न्हाई वाटत."

"मग?"

"मग काय? लावा."

एसटी आली. नाथाजी चढले. खिडकीतून त्यांना ती घागर डोक्यावर घेऊन उतार उतरताना दिसली.

बुधवारी ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. मोबाइलवरची जुनी हजेरी बदलायची तर प्राचार्यांची परवानगी आणि लेखी खुलासा लागतो. प्राचार्य जयराज पाटणकर वयानं नाथाजींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं.

"घार्गे सर, तुम्ही खोटी हजेरी लावली असं स्वतःच्या सहीनं लिहून देताय. पाच-सहा महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागेल, माहितीय ना?"

"माहितीय."

"आणि त्या मुलीचं काय भलं होणार? आत्ता ती पटावर आहे, हजेरी पुरेशी आहे, परीक्षेला बसेल. तुम्ही हे बदललंत की संपलं. मुलांना टिकवायचं हेच आयुष्यभर केलंत ना तुम्ही? मग हे काय चाललंय?"

"रजा मंजूर करता येईल का?"

"रजेचा अर्ज तीन दिवसांच्या आत लागतो. आता ती खूण एक तर हिरवी राहील, नाही तर लाल होईल. तिसरा रंग नाही त्यात." पाटणकरांनी चष्मा काढला. "वडिलांची समजूत घाला. तुम्ही बोलण्यात पटाईत आहात."

"तेच तर झालंय, सर. माझं बोलणं कुणी खरं धरत नाही."

 पाटणकरांनी चष्मा परत चढवला आणि सही केली. उद्या सकाळी दहा वाजता दुरुस्ती चढेल, म्हणाले. बाहेर फळ्यावरचा शून्य तसाच होता. शिपाई खडू घेऊन कधी येईल ते नाथाजींना माहीत नव्हतं, आणि थांबून बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

गुरुवारी त्यांनी रजा टाकली. सकाळची पहिली एसटी धरून साडेनवाला ते कातळवाडीत उतरले. मेसेज येतील तेव्हा आपण तिथं असलं पाहिजे, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. लालासाहेबांना ते टाकीपाशीच भेटले. सैन्याच्या कचेरीतून सुट्टी वाढवल्याचा फोन यायचा होता म्हणून लालासाहेब कट्ट्यावर बसून होते. प्रियदर्शनी पिळून झालेल्या धुण्याचं पातेलं घेऊन नळापाशी उभी होती.

"पुन्ना आलासा, सर?" लालासाहेब म्हणाले.

"बसतो जरा."

दहा वाजून गेले. लालासाहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"आपला पाल्य दिनांक दहा नोव्हेंबर रोजी गैरहजर आहे." त्यांनी नाथाजींकडे बघितलं. "ही काय आता?"

फोन पुन्हा वाजला.

"अकरा नोव्हेंबर रोजी गैरहजर आहे."

मग बारा. तेरा. लालासाहेब पहिले चार मेसेज पूर्ण वाचत होते. नंतर फक्त तारखा वाचायला लागले, सकाळच्या हजेरीला नंबर म्हणतात तसे. चौदा. पंधरा. पंधरानंतर एकदम सतरा आली.

"सोळाला रईवार हुता," ते म्हणाले. "सोळाला म्या फोन केला हुता. म्या शाबास म्हनलो हुतो."

नळापाशी प्रियदर्शनी पाठ करून उभी राहिली. अठरा, एकोणीस, वीस तारखांचे मेसेज वाजले. लालासाहेबांनी ते वाचले नाहीत. एकवीसचा वाजल्यावर त्यांनी फोन कट्ट्यावर उताणा ठेवला आणि डोक्याचा पंचा काढून तोंडावर धरला. त्यांच्या खांद्यांना हिसके बसत होते. दहा तारखेला हा मेसेज आला असता तर तेरापर्यंत ते घरात असते, पंधराला आई पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात असती. ते तिघांनाही कळत होतं.

"माझी चूक हाय," नाथाजी म्हणाले. "म्या यायला पायजे हुतं. आलो न्हाई."

लालासाहेबांनी पंचा खाली घेतला. नाथाजींना वाटलं, आता हा माणूस आपल्यावर हात उगारेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"सर, तुमास्नी काय म्हनू?" लालासाहेब म्हणाले. "म्याच म्हनलो हुतो, मेसेज आला की शिक्षन बंद."

फोन आणखी एकदा वाजला. कुणी उचलेना. शेवटी प्रियदर्शनी आली, ओले हात ओढणीला पुसले आणि तिनं तो उचलून वाचला. मोठ्यानं नाही, मनाशीच. या मेसेजात काय आहे ते नाथाजींना माहीत होतं.

"कसला हाय?" लालासाहेबांनी विचारलं.

"कालेजचाच हाय. नाव कमी केलंय."

 लालासाहेब उठून तिच्याजवळ गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो हात बाजूला केला नाही, पण ती वाकलीही नाही. पातेलं उचलून ती घराकडे गेली आणि थोड्या वेळानं परत आली. तिच्या हातात आयटीआयचं ओळखपत्र होतं.

"सर, ह्ये जमा करावं लागंल न्हवं?"

नाथाजींनी ते घेतलं. पुढच्या ऑगस्टात येशील, मी असेन, तुझं नाव मीच लिहीन, असं सगळं त्यांच्या जिभेवर आयतं आलं होतं. एकतीस वर्षांची सवय. त्यांनी ते गिळलं.

"मे महिन्यात मी रिटायर हुतोय," ते म्हणाले.

"ठाव हाय."

त्यांनी पिशवीतून तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला तिचा जोड काढला. वर्कशॉपच्या कपाटात पडून त्याला गंज धरायला नको म्हणून ते गेले पंधरा दिवस त्याला रोज तेल लावत होते. तेवढं मात्र ते चुकले नव्हते. प्रियदर्शनीनं फडकं उलगडलं, दोन्ही पट्ट्या एकमेकींत सरकवल्या आणि उन्हासमोर धरल्या. एक डोळा मिटून बघितलं. तीन कोपरे काळे होते. चौथ्यातून बारीक उजेड येत होता.

"ह्यो राह्यलाय," ती म्हणाली.

तिनं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग जोड परत फडक्यात नीट गुंडाळला आणि नाथाजींच्या हातात दिला.

"तुमच्याकडंच असू द्या. हितं कुठली आलीया कानस?"

परतीची अकराची एसटी उतारावर दिसायला लागली होती. लालासाहेबांनी नाथाजींना दंडाला धरून पायरीवर चढवलं, कारण गुडघा वाकत नव्हता. गाडी निम्म्याहून जास्त रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, पिशवी खाली ठेवा की, जड दिसतीया. नाथाजींनी ती निंबगाव येईपर्यंत मांडीवरच ठेवली.